रांगोळीवाल्या ताईंचे मिस्टर

रविराज आहेरने सातपूरच्या कारखान्यातली नोकरी सोडून जोराचं पाणी मारून फरश्या-भिंती धुण्याचं मशीन घेतलं, तेव्हा कारखानदारांचा आपल्या घाणीवर एवढा जीव असेल याची त्याला कल्पना नव्हती.

एका साहेबांनी पावसाळ्यात सगळं धुतलं जातंच असं सांगितलं. दुसऱ्यांनी कोटेशन मेल करायला लावलं. तो मेल अजून कुणीतरी उघडायचा आहे. लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याने चहा पाजला, शेडच्या भिंतीवरची धूळ कौतुकाने दाखवली आणि ही आजोबांच्या वेळची लक्ष्मी आहे, हिला पाणी लावायचं नसतं, असं समजावलं. बाकी ठिकाणी वॉचमननेच निकाल लावला.

मेहुणा वाल्मीक देवळ्याला कांदा निवडून गोण्या भरायचं खळं चालवायचा. तो दर रविवारी फोन करून मशीनची तब्येत विचारी. "दाजी, दसऱ्यापर्यंत एक कंपनी धरून दाखवा. नाय तर मशीन विका आन् खळ्यावर या. घरचा माणूस लागतोच." रविराजने भरात कबूल केलं होतं. त्याला कांद्याचं भय नव्हतं. जन्मभर 'दाजी' म्हणवून घेत मेहुण्याचे हुकूम ऐकण्याचं होतं.

बायको उज्वला कंपन्यांच्या गेटवर रांगोळ्या काढायची. परदेशी पाहुणे येणार असले की तिला बोलावणं येई. रविराज याला छंद म्हणे. त्या छंदावर घरातला किराणा येई, हा भाग तो धरत नसे. सकाळी कुठे जाते हे ती रोज सांगे, पण तेव्हा तो ग्राहक कसे मिळवावेत याचे व्हिडिओ बघत असे.

व्हिडिओतला माणूस म्हणाला, विचारत बसू नका, धुऊन दाखवा. दसरा तोंडावर आला, तसा एका सकाळी रविराज मशीन टेम्पोत घालून गांगुर्डे साहेबांच्या कंपनीवर गेला. तिथल्या दत्तू वॉचमनने त्याला आजवर दरवेळी हाकललं होतं. आज त्याने चक्क गेट उघडलं. पाहुण्यांच्या दिवशी पाइप घेऊन आलेला माणूस साहेबांनीच बोलावलेला असतो, एवढा दत्तूचा अनुभव होता. रविराजला वाटलं, आपली चिकाटी फळाला आली.

ऑइलने काळी पडलेली फरशी त्याने वरच्या अंगाने धुवायला घेतली. खालून तिचा मूळचा रंग निघाला, जो कंपनीतल्या कुणी पाहिलेला नव्हता. तो इतका रंगला, की पाण्याचा उतार कुठे जातो हे बघायचं राहिलं. उताराच्या टोकाला कुंड्यांच्या मधोमध रांगोळी होती: द्राक्षांचा घड, मोर आणि 'वेलकम'. काळ्या पाण्यात आधी मोर गेला. वेलकम थोडा वेळ टिकलं.

गांगुर्डे साहेब बाहेर आले आणि त्यांनी आधी पाणी बंद करायला लावलं. मग त्यांनी रांगोळीवाल्या ताईंना फोन लावला. ताई कोपऱ्यावर चहा पीत होत्या. स्कूटी आत शिरली तेव्हा रविराजने पाइप पाठीमागे लपवला. पाइप फार लांब होता.

उज्वलाने मोराच्या जागेकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"यांना मी ओळखते," ती साहेबांना म्हणाली. पोलीस चौकीत म्हणतात तसं.

पाहुण्यांची गाडी कसारा घाटात अडकल्याचा निरोप आला, म्हणून दत्तूची नोकरी वाचली. रविराजने गुडघ्यावर बसून गोणपाटाने फरशी कोरडी केली. उज्वलाने पुन्हा घड काढला, मोर काढला. ऑइलवर तिचे रंग नेहमी मळकट दिसत. आज मोर असा उठून दिसला, की साहेब वाकून बघू लागले. पाहुण्यांनी आत जायच्या आधी त्याचे फोटो काढले.

संध्याकाळी साहेबांनी पुढच्या पाहुण्यांची तारीख दिली.

"येते," उज्वला म्हणाली. "पण ऑइलवर आता रांगोळी काढणार नाही. आदल्या दिवशी फरशी धुतलेली पाहिजे. माणूस माझ्याकडे आहे."

साहेबांनी त्या माणसाकडे पाहिलं. कोटेशन मेल करायला सांगितलं नाही. उज्वलाने मग हीच अट आपल्या बाकीच्या कंपन्यांनाही घातली. आता सातपुरात रविराजला गेटवर कुणी अडवत नाही; रांगोळीवाल्या ताईंचे मिस्टर आले, असं वॉचमन आत कळवतात.

दसऱ्याला वाल्मीकचा फोन आला. कंपनी मिळाल्याचं रविराजने जरा मोठ्याने सांगितलं.

"बरं झालं दाजी," वाल्मीक म्हणाला. "पण धरली कुणी? तुम्ही का ताईने?"

रविराज म्हणाला, मशीन चालू आहे, काही ऐकू येत नाही.

मशीन झेंडूची माळ घालून कोपऱ्यात गप्प उभं होतं.