पहिल्या नंबरचं कार्ड

आमच्या मामेसासऱ्यांइतका खरा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नाही. झाला असता तर दोन्ही काठांवरच्या लोकांनी मिळून त्याच्यापुढे हात जोडले असते, की बाबा रे, थोडा कमी खरा हो. खरं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण ती विचारल्यावर खरं बोलतात. मामांना विचारावं लागत नसे. आमच्याकडे आले की उंबऱ्यातच उभे राहून सांगायचे, "माणसं दोन, पिशवी एक, पिशवीत मेथीच्या दोन जुड्या, त्यातली एक सुकलेली." लग्नाच्या पंगतीतून उठले की हात धुवायच्या आधी यजमानाला गाठायचे आणि चार बट्ट्या, दोनदा वरण आणि तीनदा वांग्याची भाजी असा कबुलीजबाब द्यायचे. यजमान हसून म्हणे, "आबा, पोट भरलं ना?" तर म्हणायचे, "दुसऱ्या भाजीलाच भरलं होतं. तिसरी उगाच घेतली." एकदा गुडघा दुखतो म्हणून मी त्यांना जळगावला डॉक्टरांकडे नेलं. मामांनी लहानपणच्या गोवरापासून सुरुवात केली, आणि आधीच्या डॉक्टरने दिलेल्या गोळ्यांपैकी शेवटच्या दोन आपण गोठ्यामागे टाकल्या, हेही सांगून टाकलं. गुडघ्यापर्यंत पोचेस्तोवर बाहेरचे चार पेशंट उठून गेले होते.

माझी बायको लहानपणीच पोरकी झाली, तिला या मामा-मामींनीच वाढवलं. त्यामुळे मामेसासरे म्हटलं तरी खरे सासरे तेच. मी मूळचा धुळ्याचा. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होतो आणि तापीच्या दक्षिण काठावरच्या एका तालुक्याच्या गावी आमचं बिऱ्हाड होतं. मामांचं गाव पलीकडे, शिरपूरच्या बाजूला. एसटीने यायचं तर हमरस्त्यावरच्या पुलावरून लांबचा वळसा पडायचा. पूर्वी मामा शिरपूरकडच्या ट्रकवाल्यांबरोबर येत. पण एकदा हमरस्त्यावरच्या तपासणी नाक्यावर ट्रक थांबला, ड्रायव्हर कागद दाखवायला उतरला, आणि मामाही मागोमाग उतरले. अधिकाऱ्याने त्यांना काही विचारलं नव्हतं. तरी मामांनी स्वतः होऊन सांगितलं, "साहेब, सीटच्या खाली दोन डबे आणखी आहेत. त्यांचा कागद नाही. याच्या लक्षात राहिलं नसेल." त्या दिवसापासून मामा रस्त्याच्या कडेला हात करून उभे दिसले की शिरपूरकडचे ट्रक वेग वाढवायचे. मामांनी होडी बांधून घेतली ती याच कारणाने, असं मामी सांगायच्या.

होडी मात्र देखणी होती. सागाच्या फळ्यांची, डांबर पाजलेली, वल्ही मामांनी स्वतः तासलेली. दुसऱ्या कुणाला ते वल्ह्याला हात लावू देत नसत. नदीच्या मधोमध कुणी राजकारण काढलं की वल्ही उचलून धरायचे आणि म्हणायचे, "आधी तुमचं होऊ द्या." होडी प्रवाहाबरोबर खाली सरकायला लागली की भलेभले पुढारी गप्प बसत. आठवड्यातून दोनदा तरी मामा पलीकडून यायचे. वांगी, केळीचे घड, कधी हरभऱ्याचा ओला पाला, असा माल असायचा आणि उरलेल्या जागेत मामी.

आमच्या गावात शिरणाऱ्या मालावर नगरपालिकेची जकात होती. रस्त्यांवर नाके होते तसा एक नाका नदीच्या घाटावरही होता: कडुनिंबाखाली पत्र्याची खोली, एक वजनकाटा आणि बाहेर एक काळा फळा. जकात चुकवताना सापडलेल्याचं नाव त्या फळ्यावर खडूने लिहीत आणि महिनाभर पुसत नसत. सगळा बाजार त्या फळ्यासमोरून जायचा. दंडाचं कुणाला काही वाटत नसे, फळ्याला मात्र माणसं भीत. होडी लागली की कारकून खाली यायचा, सगळा माल उतरवायला लावायचा, पोती उसवून बघायचा. मामांची होडी आली की तो कपाळावर हात मारायचा, कारण मामांना तपासून घ्यायची हौस होती. "ती टोपली राहिली," "हिच्या पदराला लवंगा बांधल्यात," असं ते मागून सांगत राहायचे.

मग एक नवे मुख्याधिकारी आले. तरुण होते, हुशार होते, आणि अजून बदली झालेली नव्हती, त्यामुळे त्यांना नव्या कल्पना सुचत. त्यांनी ठरवलं की स्वतःच्या होडीने दहा वर्षं ये-जा करणाऱ्या आणि एकदाही न सापडलेल्या माणसाला 'विश्वासू प्रवासी' असं कार्ड द्यायचं. कार्ड असलेल्याने माल तोंडी सांगायचा आणि पुढे जायचं, झडती नाही की खोळंबा नाही. घाटावर डझनभर होड्या होत्या. नियम वाचून झाल्यावर त्यातली एकच उरली. मामांना पहिल्या नंबरचं कार्ड मिळालं, आणि दुसऱ्या नंबरचं शेवटपर्यंत कुणालाच मिळालं नाही.

ते कार्ड मामांनी प्लास्टिकच्या पाकिटात घालून, पाकीट शिवून, काळ्या दोऱ्याने गळ्यात बांधलं. देवाच्या टाकासारखं ते त्यांच्या सदऱ्याच्या आत असायचं आणि कुठल्याही दाराशी बाहेर यायचं. धुळ्याच्या स्टँडवर त्यांनी ते कंडक्टरला दाखवलं. कंडक्टर म्हणाला, "आबा, हे होडीचं कार्ड आहे." मामा म्हणाले, "मी कुठे एसटीचं म्हणतो? तिकीट फाडा. बसणारा माणूस कसा आहे ते कळावं म्हणून दाखवलं." आमच्या शेजाऱ्यांकडे सत्यनारायणाला गेले, तर प्रसाद घेण्याआधी भटजींना दाखवलं. शाळा त्यांना चौथीपर्यंतच मिळाली होती. सरकारने आयुष्यात त्यांना दिलेला हा एकच चांगला कागद होता, आणि तो त्यांना किती प्रिय आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मुख्याधिकाऱ्यांचा अंदाज एवढाच चुकला की कार्डामुळे वेळ वाचेल. कार्ड मिळाल्यापासून मामांना नाक्यावर दुप्पट वेळ लागू लागला. पूर्वी कारकून शोधायचा, आता सगळं आठवून सांगायची जबाबदारी मामांवर आली होती. मागे होड्या खोळंबत, भाजीवाल्या शिव्या घालत. कारकून काकुळतीला येऊन म्हणायचा, "आबा, कार्ड आहे ना तुमच्याकडे? मग जा ना पुढे!"

"कार्ड शे म्हणीसनच थांबनू ना भाऊ," मामा शांतपणे म्हणायचे. "इस्वास तुम्ही ठेवा, आते जोखीम मन्ही." आणि सदऱ्याच्या खिशातली तंबाखूची पुडी काढून किती चिमटी उरली ते सांगायचे.

अशातच आम्हाला मुलगी झाली. बाळंतपण आमच्याच गावी दवाखान्यात झालं, आणि बाराव्या दिवशी मामा-मामी आले. त्या दिवशी मामांनी नाक्यावर सगळं रीतसर सांगितलं: खोबऱ्याच्या वाट्या, डिंक, हळीव, मेथ्या, दोन दुपटी, एक झबलं, झबल्याला तीन बंद, एक तुटका. कारकुनाने हात जोडले आणि मुलगी झाल्याचे पेढे मागितले. मामा ऐटीत आमच्या घरी आले, उंबऱ्यात पुन्हा एकदा सगळी यादी म्हणाले, आणि चहाचा कप तोंडाला लावला. तेवढ्यात मामींनी आपलं गाठोडं सोडलं. जुन्या लुगड्यांच्या घड्यांमधून पितळी डबा निघाला. घरच्या म्हशीचं तूप, चार शेर तरी असेल, तोंडाला फडकं बांधलेलं.

मामांनी कप खाली ठेवला. "हाई काय?"

"बाळंतीणनं तूप शे," मामी म्हणाल्या. "गावले दखाडानं नही."

मामींचं म्हणणं आमच्याकडे कुठलीही बाई म्हणेल तेच होतं. बाळंतिणीचं खाणं चारचौघांत उघडं करत नाहीत, दृष्ट लागते. आणि मामांना सांगून आणायचं म्हणजे घाटावरच्या सगळ्या होड्यांसमोर डबा उघडणार, काट्यावर चढणार, दहाजणी डोकावून बघणार. म्हणून त्या माउलीने पहाटे उठून डबा लुगड्यांत गुंडाळला आणि नदी पार होईस्तोवर मांडीवर घेऊन बसली. ज्या पोरीला पोटच्या पोरीसारखी वाढवली तिच्यासाठी त्यांनी महिनाभर लोणी साठवलं होतं. मला विचाराल तर त्यांचं काही चुकलं नाही. जकातीच्या पुस्तकाला बाळंतीण कळत नाही, हा पुस्तकाचा दोष.

मामा रागावले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी डबा उचलला, मला म्हणाले, "जावईबापू, चला," आणि चहा तसाच टाकून बाहेर पडले. मागून मामी काहीतरी बोलत होत्या, ते त्यांनी ऐकलं नाही.

नाक्यावर पोचल्यावर त्यांनी डबा कारकुनाच्या टेबलावर ठेवला आणि हा आपल्या होडीतून आला, सांगायचा राहिला, असं सांगितलं. कारकुनाने एकदा डब्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "आबा, घेऊन जा. मी काही पाहिलंच नाही."

"तू नही देखं, हाई खरं," मामा म्हणाले. "पन मी देखं ना."

कारकून बिचारा खरोखर भला होता. त्याने कपाटातून कार्डाचे नियम काढले आणि आम्हाला वाचून दाखवले. कार्डवाल्याच्या नकळत दुसऱ्या कुणी माल ठेवला असेल, तर दोष त्या दुसऱ्याचा. त्याचं नाव फळ्यावर जाईल आणि कार्ड कायम राहील. कार्डवाल्याने जाणूनबुजून ठेवला असेल तर मात्र कार्ड तिथल्या तिथे जमा, आणि फळ्यावर नाव त्याचं. वाचून झाल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "आबा, सकाळी होडीतून उतरताना मी मामींना हात दिला होता. गाठोड्याला हात लावू देईनात. आम्हाला काय कळत नाही का? मामींनी ठेवला एवढं सांगा. महिनाभर फळ्यावर नाव राहील, मग पुसून जाईल. कार्ड वाचेल तुमचं."

मी मनात म्हटलं, सुटले. मामांना नुसतं खरं सांगायचं होतं, आणि ते तर त्यांच्या हाडात होतं. मामांनी दारातून बाहेर फळ्याकडे पाहिलं. फळा त्या दिवशी कोरा होता. सदऱ्यावरून त्यांनी एकदा कार्ड चाचपलं. 

मग म्हणाले, "लिखी ले भाऊ. डबा मी ठेवा. जानीसन ठेवा."

कारकुनाच्या हातातलं पेन थांबलं. मला तर कानांवर विश्वास बसेना. ज्या माणसाने तिसऱ्यांदा घेतलेली वांग्याची भाजी लपवली नाही, तो सरकारी टेबलासमोर उभा राहून धडधडीत खोटं सांगत होता, आणि सांगताना त्याचा आवाज जराही हलला नाही. कारकुनाने पुन्हा विचारलं. मामांनी पुन्हा तेच सांगितलं, उलट आणखी भर घातली की गाठ आपणच बांधली. मग गळ्यातला काळा दोरा डोक्यावरून काढला, पाकीट सदऱ्याच्या टोकाने पुसलं आणि टेबलावर ठेवलं. जबाबाखाली साक्षीदाराची सही लागत होती. ती मी केली. जकात भरून, डबा उचलून आम्ही परत निघालो.

वाटेत मामांनी मला एकच गोष्ट सांगितली. "हाई घरमा सांगू नका, जावईबापू." मी मान डोलावली. बायकोलासुद्धा मी ते कधी सांगितलं नाही.

पुढे मामा इतरांसारखे घाटावर रांगेत उभे राहू लागले. कारकून त्यांचा माल तपासायचा नाही, पण मामा उतरवून ठेवायचेच. गळ्यापाशी त्यांचा हात सवयीने जायचा आणि खाली यायचा, ते बघवत नसे. पुढे काही वर्षांनी जकात उठली, नाका उठला, फळाही कुठेतरी गेला. मामा त्याच्या आधीच, एका हिवाळ्यात, शांतपणे गेले.

त्यांच्या वर्षश्राद्धाला आम्ही गेलो होतो. माणसं पांगल्यावर ओसरीत मामी माझ्याजवळ येऊन बसल्या आणि एकदम म्हणाल्या, "जावईबापू, त्या दिन तठे काय लिखं व्हतं?" आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. मामांचा जबाब शब्दाला शब्द सांगितला.

 मामींना वाचता येत नव्हतं, फळ्यावरचं नाव कुणाचं ते त्यांना कळलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, "मले वाटनं, त्यास्नी मन्हं नाव सांगी दिन्हं व्हई. त्यास्ले खोटं कोठे जमे? फळावर मन्हं नाव शे समजीसन मी त्या घाटवर पदर व्हढीसन जाऊ. आठ दिन त्यास्शी बोलनू नही मी." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग विचारलं, "तरीबी त्यास्नी सांगं नही मले?"

मी म्हटलं, "नाही, मामी."