घळीपलीकडचे सात प्लॉट

लुंबिनी बीएस्सी झाली तेव्हा भोकरजवळच्या त्या वस्तीत तिच्याइतकी शिकलेली दुसरी पोरगी नव्हती. जंगलमोजणीच्या एका कंपनीत तिला कंत्राटावर काम मिळालं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे संगणकाने नकाशावर साठ ठिपके टाकले होते. प्रत्येक ठिपका गाठायचा, तिथल्या छोट्या प्लॉटमधल्या झाडांचा छातीच्या उंचीवर घेर मोजायचा आणि सही करायची. मधल्या न मोजलेल्या जंगलात किती लाकूड उभं आहे, ते संगणक जवळच्या प्लॉटवरून ठरवणार होता.

शेवटचे सात ठिपके घळीपलीकडे पडले. वाटेत आग्या मोहोळं होती.

"कोण बघाया येतंय?" पर्यवेक्षक रामलिंग म्हणाला. "इथंच रस्त्याकडंला टेप लाव. तिकडं बी सागच हाय, इकडं बी सागच हाय."

तिने लावला. रस्त्याकडेला साग थोडे, खुंटच जास्त. आकडे तिथले, ठिकाण घळीपलीकडचं, खाली सही लुंबिनीची.

दोन महिन्यांनी नकाशा आला. घळीपलीकडचं दाट जंगल त्यात उजाड दिसत होतं. सात प्लॉटनी अख्खा डोंगर खाल्ला होता. वस्तीनेच जंगल तोडलं असं वनखात्याने ठरवलं आणि जळतण आणायला बंदी झाली. पहिल्याच आठवड्यात लुंबिनीची आई नागुबाई वाळक्या फांद्यांच्या मोळीसकट सापडली. पहारेकऱ्याने विळा आणि दोर ठेवून घेतला, तिला दुपारभर चौकीपुढे उन्हात बसवलं.

"सर, मी लिहून देते," दुसऱ्या दिवशी लुंबिनी म्हणाली. "त्या सात जागी आपण गेलोच नव्हतो."

"दे की," रामलिंग म्हणाला. "पण आपण कशाला? सही तुझी एकटीची हाय."

तिने लिहून दिलं. चौथ्या दिवशी खोट्या मोजणीबद्दल तिला काढून टाकलं. नकाशाचं काय, तिने विचारलं. फेरमोजणी पाच वर्षांनी, तोवर हाच चालेल, असं उत्तर आलं.

घरी नागुबाई चुलीत मागून आणलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या सारत होती. सगळं ऐकून म्हणाली, "बाया मला टोमणे मारून राहिल्यात. तुझ्याच मोळीनं जंगल संपलं म्हणतेत."

"मी सांगते त्यांना, माय. खरं काय ते."

"अन् मग वस्तीत राहू देतील का तुला? गप बस. संपलं माझ्या मोळीनं."

लुंबिनी चुलीपाशी बसली आणि आईला पऱ्हाट्या मोडून देऊ लागली.