दोरीवरची काळी पट्टी

बाथरूमच्या दोरीवर मी आत्ताच धुतलेला रोल निथळतोय, या टोकापासून त्या टोकापर्यंत काळाकुट्ट. उजेड लागलेली फिल्म अशीच होते. परवा अंगणात माझे धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, बघू कसा आलाय फोटो," आणि भर उन्हात त्यांनी कॅमेऱ्याचं मागचं, फिल्मवरचं झाकण उघडलं. सासूबाई कॅमेऱ्यासमोर कधी बसत नाहीत. त्यांच्या सुरकुत्यांसाठी मी मुद्दाम कृष्णधवल फिल्म आणली होती, आणि परवा त्या बसल्या, चक्क हसल्याही होत्या.

या माणसांना कशालाच अंधारात राहू देववत नाही. पेरलेलं बीसुद्धा उकरून बघतील.

"झाले का फोटो?" दाराबाहेरून दीर विचारतात.

मी ओली पट्टी त्यांच्या हातात देते. "घ्या भाऊजी, पोटभर बघा. आई यातच कुठेतरी हसतायत."