पिच्चरमधला कमांडर

अहेरीच्या बसस्टँडवर पंक्चर काढणारा एक पोरगा मारधाडीच्या सिनेमांवरून माझ्याशी रोज भांडायचा. "कॉमिकमधला हिरो उडते, भाऊ. पिच्चरमधला दोरीले लटकते!" प्रत्येक पात्राआधी 'पिच्चरमधला' लावायची त्याची खोड होती. मी तिला हसायचो.

एकदा एका सिनेमाच्या दुसऱ्या भागावरून वाद पेटला. मी ओरडलो, "कमांडर मेला नाई! तो परत येते!"

बाकावरच्या दोन अनोळखी माणसांनी चहाचे कप खाली ठेवले. आमच्या जंगलात कमांडर म्हणजे दलमचा, नक्षल्यांच्या तुकडीचा म्होरक्या. त्याच्याविषयी बोलणाऱ्याला पोलीसही उचलायचे आणि दलमवालेही.

"पिच्चरमधला, भाऊ, पिच्चरमधला!" तो मोठ्याने हसला आणि ती माणसं उठून जाईपर्यंत अख्खी मारामारी ढिशूम-ढिशूम करत सांगत राहिला. मगच त्याने हातातली ट्यूब पाण्यात बुडवली.

खरं सांगतो, आज घरात टीव्हीसमोर एकटा असलो तरी मी 'पिच्चरमधला' म्हणतो.