चूल नसलेली खानावळ

कोणी शूटिंगसाठी मोबाइल उचलला की ती आधी पातेल्यावर झाकण टाकायची, मग बोलायची. "जेवाचं असन त बस. नाही त वाट धर."

खामगावात आमच्या कापसाच्या जिनिंग मिलच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये तिची खानावळ होती. मी काट्यावर कापसाच्या गाड्या मोजायचो आणि दुपारी तिच्याकडे जेवायचो. गिऱ्हाईक आलं की ज्यांच्या कपाळाला आठी पडते अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हमाल तिला भ्यायचे, तरी रोज यायचे. वांग्याची भाजी ती न विचारता पुन्हा वाढायची, आणि वर दम द्यायची, "टाकलं त पाह्य."

एकदा पुण्याहून एक रीलवाला आला. नावाजलेली हॉटेलं टाळून गावातल्या 'खऱ्या' जागा दाखवायच्या, हा त्याचा धंदा. त्याला भाकर आवडली, गॅसची शेगडी आवडली नाही. मावशी, तेवढी चूल पेटवा, म्हणजे ओरिजिनल वाटेल, असं तो म्हणाला.

"तुह्या घरी चूल हाये काय?"

तो नाही म्हणाला.

"मंग मले काऊन धुरात बसवतं?"

तिने समोरचं ताट उचललं आणि त्याला अर्धपोटी बाहेर काढलं. त्याने ते भांडणच रीलमध्ये टाकलं.

मग शेडसमोर मोटारी लागू लागल्या. लोक शिव्या खायला यायचे, ती चिडली की हसायचे. हमाल उन्हात ताटकळायचे आणि उपाशीच गाठी उचलायला परत जायचे. एका दुपारी तिने अकोल्याचं अख्खं कुटुंब पंगतीतून उठवलं. "ह्यायले ओझं उचलाचं हाये. तुमाले काय उचलाचं हाये?"

गर्दी पाहून शेडच्या मालकाने तिलाच काढलं. आता तिथे चूल आहे, नऊवारीतली पगारी बाई आहे, आणि ती गिऱ्हाइकांवर लटकं रागावते. मी तिथे पाऊल ठेवलेलं नाही.

मावशी आता नांदुऱ्यात धान्य बाजारामागे जेवण रांधून वाढते, असं पुढे एका हमालाने सांगितलं. मी गेलो. तिने मला ओळखलं, पण बस म्हणाली नाही. आधी दारात येऊन गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहिलं.

"मांगं कोणी हाये काय?"

"नाही. एकटाच आलो."

तिने पोटभर वाढलं. मी हात धुतल्यावर टॉवेल पुढे केला आणि म्हणाली, "आता येऊ नोको. तू आला, मंग दुसरा येईन."

नांदुऱ्याला माझं जाणं-येणं असतं. त्या गल्लीत मी वळत नाही.