आधी आपला धूर

कोणी तक्रार घेऊन आलं की बाई डावा हात वर करायच्या, चौकातल्या पोलिसासारखा, आणि म्हणायच्या, "आधी आपला धूर."

तुम्हालाही असं एखादं माणूस भेटलं असेल, ज्याच्यासमोर दुसऱ्याची उणीदुणी काढायची सोयच नाही. लखनौत हवेवर लक्ष ठेवणारी आमची सरकारी कचेरी. बाई अधिकारी, मी त्यांच्या हाताखाली. मराठी असे आम्ही दोघंच. त्या परभणीच्या, मी साताऱ्याचा.

एकदा मी तणतणत गेलो. "मॅडम, विकास नगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी रोज कचरा जाळतात हो! खोकून खोकून जीव जातोय."

हात वर. "आधी आपला धूर. तुमच्याकडे अंघोळीचं पाणी कशावर तापतं?"

सांगावंच लागलं, बंबावर. आमच्या वडिलांना गीझरचं पाणी 'अंगाला लागत नाही', म्हणून सामानाच्या ट्रकात तांब्याचा बंब घालून थेट लखनौला आणलेला! वर गोवऱ्या, लाकडं, झकास धूर.

"बंब? लखनौत?" बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "कमाल आहे हो तुमची!"

पण खऱ्या बाई मला दिसल्या त्या एका बैठकीत. शेजारच्या राज्यांचे अधिकारी आले होते, नेपाळचेही. रोज सकाळी सगळ्यांनी एकत्र फोनवर यायचं, आपापला धूर सांगायचा आणि वारा बघून कुठल्या वीटभट्ट्या थांबवायच्या ते मिळून ठरवायचं, असा बाईंचा बेत. आपलं अंगण कितीही झाडा, वारा शेजारचा धूर आणून टाकणारच. बैठक फिसकटली तर हिवाळाभर पुन्हा पोराबाळांची तीच घरघर.

आणि वरच्या साहेबांनी तर बजावलं होतं, "मैडम, अपने शहर का कुछ मत बोलिएगा. वरना ट्रांसफ़र समझिए." बाईंची निवृत्ती जवळ आलेली. महानगर नावाच्या वस्तीतल्या आपल्या क्वार्टरच्या दारात त्यांनी सोनचाफा लावला होता. त्याचं पहिलं फूल बघून मगच लखनौ सोडीन, असं म्हणायच्या.

बैठकीत व्हायचं तेच झालं. "धुआँ तो आपकी तरफ़ से आता है!" "अजी, आपकी तरफ़ से!" नेपाळचे अधिकारी कागद आवरायला लागले.

बाई उठल्या. हात वर. "पहले अपना धुआँ."

आणि लखनौचं सगळं सांगून टाकलं. भट्ट्या, कचरा, जनरेटर, आम्ही कुठे डोळेझाक केली तेसुद्धा. साहेब लालबुंद. शेवटी म्हणाल्या, "और हाँ, हमारे इन साहब का बंब भी है. महाराष्ट्र से आया है."

सगळे हसले. मी मेल्याहून मेल्यासारखा. हसणं ओसरलं तसे नेपाळचे अधिकारी हळूच म्हणाले, "भट्ठियाँ तो हमारी भी हैं, मैडम." मग दुसरे बोलले, मग तिसरे. सरकारी माणसं आपणहून आपलं चुकलेलं सांगतायत! अहो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगतो, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता.

रोजचा फोन सुरू झाला. पाठोपाठ बाईंची बदलीही झाली. स्टेशनवर मी रडवेला झालो, तर बाईच मला समजावतायत, "जाऊ द्या हो. फोन चालू झाला ना? चाफ्याला पाणी तेवढं घाला."

घालतो. बंबही आता गॅलरीत पालथा पडलाय, वडील गीझरला शिव्या देत अंघोळ करतात.

बाईंच्या जागी नवे साहेब आले. पहिल्याच सकाळी फोनवर त्यांनी सुरुवात केली, "देखिए, आज का धुआँ तो पूरा उधर से..."

"पहले अपना धुआँ, साहब." पलीकडून नेपाळच्या अधिकाऱ्यांचा आवाज आला, अगदी अदबीनं.

साहेब चमकले. माझ्याकडे वळून म्हणाले, "ये कौन बोला?"

मी म्हटलं, "हमारी मैडम, सर."