तळहातावरचं पाणी

मी अमरावतीच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो, एकटाच राहतो. आई गेल्यापासून बाबाही अकोल्याला, जुन्या शहरातल्या घरात, एकटेच. ते भिक्षुकी करायचे. एका पूजेत संकल्प सोडायला त्यांनी उजव्या तळहातावर पाणी घेतलं, तेव्हा मी मोबाइलवर त्या हाताचा फोटो काढला होता.

त्यावरून फोटोच वाटावा असं चित्र करायला घेतलं. हायपररिअलिझम म्हणजे नुसतं हुबेहूब काढणं नव्हे. नजर जिच्यावरून सरकून जाते ती प्रत्येक बारीक गोष्ट बघणाऱ्याला थांबून बघायला लावायची. नखातलं गंध, कातडीवरच्या सुरकुत्या, पाण्याच्या कडेची चमक. शाळा सुटली की खोली आणि तो हात. बाबांचा फोन आला की म्हणायचो, "कामात आहे, मग करतो." सात महिने अकोल्याला गेलो नाही.

प्रदर्शनात लोक चित्राला नाक लावून बघत होते. एकाने विचारलंच, "फोटो होता तं पुन्हा काढत काहून बसले?"

बाबा एसटीने आले. बराच वेळ चित्रासमोर उभे राहिले.

"कधीचा हात आहे हा?"

"मागच्या श्रावणातला."

"वाटलंच. पाणी कसं थांबून आहे." त्यांनी आपला हात पुढे केला. तो थरथरत होता. "चार महिने झाले, पूजा सांगणं सोडलं. हातावर पाणीच राहत नाही."

"मले सांगितलं नाही तुमी?"

"फोन केला होता. तू कामात होता."

मग चित्राकडे बघत म्हणाले, "बोलावलं असतं तं येऊन बसलो असतो समोर."

पुढच्या रविवारी वही घेऊन बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली. बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसले. त्यांचा हात काढायला घेतला, पण तो स्थिर राहीना. रेघेवर रेघ चढत गेली. त्यांनी वही ओढून घेतली.

"एका बोटाले इतक्या रेघा?"

"तितक्या वेळा हललं ते."

"मग बरोबर आहे," म्हणाले, आणि पुन्हा हात मांडीवर ठेवून बसले.

दुपारभर आम्ही फारसं बोललो नाही. सवयच राहिली नव्हती. संध्याकाळी निघालो. गल्लीच्या टोकाशी वळून पाहिलं, तर बाबा अजून दारातच उभे होते. मला दिसावा म्हणून त्यांनी हात वर केला होता.